बिनकराराची निष्ठा

निष्ठा हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. त्याचे समानार्थी शब्द फळ्यावर लिहून दिले आहेत, त्यावर निबंध लिहवून घेतले आहेत, आणि त्या निबंधांतील ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने दुरुस्तही केले आहेत. तथापि या शब्दाचा अर्थ आपणांस नीट उमगलेला नाही, अशी शंका आम्हांस गेल्या पावसाळ्यात प्रथम आली. आणि तीही मराठीच्या तासाला नव्हे, तर खेळाच्या.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. मैदानाचे तळे झाले होते, खेळाचे शिक्षक रजेवर होते, आणि नववीचा वर्ग सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले होते. वर्गात पाऊल टाकले तो एकच गलका! मधल्या रांगेतील एका बाकावर फुटबॉलची नारिंगी जर्सी पसरलेली. तिच्या पाठीवर छापलेल्या खेळाडूच्या नावावर काळ्या शाईची आडवी रेघ. आणि रेघेखाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द : गद्दार. तो शुद्धलेखनाच्या दृष्टीने अचूक होता, हे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चौकशीअंती हकीकत कळली ती अशी. जर्सीच्या धन्याने ती मागल्या चतुर्थीला नव्या कपड्यांऐवजी हट्टाने मागून घेतली होती. ज्याच्यासाठी घेतली, तो खेळाडू करार संपताच दुसऱ्या संघात गेला. पोराने रात्री जेवणही केले नाही, आणि सकाळी शाईची बाटली उघडली. आता वर्गात दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, खेळाडू गद्दार. दुसऱ्याचे म्हणणे, एवढ्यावरून ज्याने जर्सी खराब केली तोच गद्दार. कारण जर्सी संघाची आहे, खेळाडूची नव्हे. इतक्यात खिडकीपाशी बसणारी, एरवी फारसे न बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, संघानेच त्याला नको म्हटले असेल तर? मग गद्दार कोण?"

सारा वर्ग आमच्याकडे पाहू लागला. "सर, तुम्हीच सांगा!" आम्ही चष्मा पुसला, खिडकीबाहेर पाऊस किती आहे ते पाहिले, आणि काही गंभीर बोलण्यासाठी तोंड उघडणार तोच घंटा झाली. त्या घंटेने आमची अब्रू वाचवली. पण प्रश्न वाचला नाही. तो आमच्याबरोबर घरी आला. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस हा वार्षिकांक निघेपर्यंत वेळ लागला, याबद्दल नववीच्या वर्गाची आम्ही क्षमा मागतो.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. त्या मुलाच्या वयात आम्ही याहून वेगळे वागलो नव्हतो. आमच्या भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्रातून कापलेले एका आघाडीच्या खेळाडूचे चित्र भाताच्या शितांनी चिकटवलेले असे. पुढे तो प्रतिस्पर्धी संघात गेला, तेव्हा आम्ही ते नखांनी खरवडून काढले. आणि पुठ्ठा फाटला म्हणून आईचा मार खाल्ला तो वेगळाच. ज्या संघासाठी हे सारे केले, तो गोव्याच्या जुन्या मोठ्या संघांपैकी एक होता. कोणता ते येथे सांगत नाही. परीक्षेचे प्रश्न आणि स्वतःचा संघ ही दोन गुपिते शिक्षकाने पोटात ठेवावीत, असे आमचे मत आहे.

हा संघ आम्हांस वारशाने मिळाला होता. वडील शनिवारी सांगत, "उद्या जेवण लवकर," आणि तेवढ्यावरून आम्हांस सारे समजे. म्हापशाहून पणजी, पणजीहून मडगाव असा कदंबा बसचा प्रवास. फातोर्ड्याचे 1989 साली बांधलेले नेहरू स्टेडियम. उन्हाने तापलेल्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर वडिलांची ठरलेली जागा. शेजारी नेहमी एकच गृहस्थ बसत. ते सासष्टीचे, ख्रिस्ती, वयाने वडिलांहून थोडे मोठे, आणि संघ मात्र नेमका आमच्या विरुद्धचा! आमच्या संघाने गोल केला की ते आमच्याकडे पाठ फिरवत. त्यांच्या संघाने केला की वडील बुटाची नाडी बांधायला वाकत. पण मध्यंतरात चण्याच्या दोन पुड्या येत, आणि त्यांतील एक वडील न बोलता त्यांच्या हाती देत. पंधरा वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालला. त्यांचे आडनाव वडिलांना ठाऊक नव्हते; त्यांना वडिलांचे नव्हते. दोघांच्याही दृष्टीने त्याची गरज नव्हती.

गोव्यात फुटबॉलच्या संघांना खाणमालकांच्या घराण्यांची नावे असत, हे बाहेरच्या वाचकांस कदाचित नवल वाटेल. डोंगरातील खनिज बार्जींतून मुरगाव बंदरास जाई, आणि त्याच घराण्यांचे संघ मैदानावर उतरत. 1956 साली वास्कोत स्थापन झालेल्या साळगावकर संघाने 1988 साली फेडरेशन चषक गोव्यात प्रथम आणला. डेंपो संघाने 2005 ते 2012 या काळात राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले. 2007–08 साली आय-लीग सुरू झाली, तेव्हापासून 2012–13 पर्यंतची सहाही अजिंक्यपदे डेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय संघांतच फिरत राहिली. एवढ्याशा गोव्याने साऱ्या देशाला सलग सहा वर्षे मागे टाकावे, याचा आम्हांस केवढा अभिमान होता! तो अभिमान आम्ही अगदी स्वतःच्या कर्तृत्वासारखा मिरवत असू. वास्तविक त्यात आमचे कर्तृत्व घसा बसवून घेण्यापलीकडे काही नव्हते.

आता पहिला प्रश्न : जाणारा खेळाडू गद्दार असतो काय?

जुन्या काळी खेळाडू आयुष्यभर एकाच संघात राहत, असे आपण मोठ्या कौतुकाने बोलतो. ते पुष्कळसे खरे आहे. पण त्यामागचे कारण नेहमीच निष्ठा हे नव्हते. इंग्लंडमधील प्रेस्टन संघाचा टॉम फिनी हा आपल्या काळातील थोर खेळाडू. खेळाच्या मिळकतीवर भागणार नाही म्हणून तो नळजोडणीचा धंदाही करी. 1952 साली इटलीतील पालेर्मो संघाने त्यास मोठ्या रकमेचे बोलावणे पाठवले. प्रेस्टनने जाऊ दिले नाही, आणि फिनी राहिला. 1960 साली निवृत्त होईपर्यंत तो प्रेस्टनसाठीच खेळला. त्याचे प्रेस्टनवर प्रेम होते यात संशय नाही. पण दार बाहेरून लावलेले असताना माणूस घरात राहिला, तर त्याला गृहप्रेम म्हणावे काय? त्या काळी करार संपला तरी संघ खेळाडूस अडवून ठेवू शकत असे, आणि पगारावर कमाल मर्यादा असे. ही मर्यादा 1961 साली उठली, तेव्हा ती आठवड्यास अवघी वीस पौंड होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल संघाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि 1963 साली न्यायालयाने अडवून ठेवण्याची ही रीत गैरवाजवी ठरवली. तरीही करार संपलेल्या खेळाडूबद्दल मोबदला मागण्याची चाल युरोपात पुढे कित्येक वर्षे टिकली. बोसमन नावाच्या एका बेल्जियन खेळाडूने तिच्याशी झुंज दिली, आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले.

खेळाडू मोकळा झाला, तेव्हाच खरे तर त्याच्या राहण्याला किंमत आली. जो जाऊ शकतो आणि तरीही राहतो, त्याच्याच राहण्याला निष्ठा म्हणता येते. पण म्हणून जो जातो तो निष्ठाहीन ठरत नाही. रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा खेळाडू 2004 साली डेंपोत आला आणि 2012 पर्यंत येथे खेळला. 2011–12 च्या एकाच हंगामात त्याने आय-लीगमध्ये 32 गोल केले, आणि अजिंक्यपद गोव्याच्या पदरात टाकून तो कोलकात्याच्या संघात गेला. या आठ वर्षांनंतर तो कोणाचे देणे लागत होता? आमच्या म्हापशाकडच्या मंदार राव देसाईचेच पाहा. 2014 पासून सहा हंगाम तो एफ.सी. गोवा या संघाकडून खेळला. 2020 साली मुंबईच्या संघात गेला. आणि मार्च 2021 मध्ये त्याच मुंबईने उपांत्य सामन्यात गोव्याला हरवून पुढे फातोर्ड्यावरच अजिंक्यपद जिंकले. साथीमुळे त्या वर्षी सारे सामने गोव्यातच आणि प्रेक्षकांवाचून झाले. आपल्याच भूमीवर, आपल्याच माणसांविरुद्ध, आणि तेही रित्या पायऱ्यांसमोर खेळताना त्या मुलाच्या मनात काय आले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. गद्दार हा शब्द मात्र आमच्या जिभेवर आला नाही.

याचे एक कारण घरचेच आहे. आम्ही स्वतः पूर्वी दुसऱ्या शाळेत तीन वर्षे शिकवत होतो. येथे कायमची जागा मिळाली, तेव्हा आम्ही ती शाळा सोडली. तेथील मुलांनी निरोप देताना आम्हांस एक पेन दिले. कोणीही आमच्या नावावर रेघ मारली नाही. खेळाडूची नोकरी तर फार तर पंधरा वर्षांची. गुडघा एकदा मोडला की तीही नाही. ज्याचे सारे भांडवल दोन पायांत आहे, त्याने ते कोठे लावावे हे ठरवण्याचा अधिकार पायऱ्यांवर चणे खाणाऱ्याने स्वतःकडे घेऊ नये.

दुसरा प्रश्न संघाचा. आणि तो अधिक अवघड आहे.

2014 साली देशात इंडियन सुपर लीग सुरू झाली. गोव्यासाठी एफ.सी. गोवा हा नवा संघ निघाला. दिव्यांचा झगमगाट, दूरचित्रवाणी, परदेशी खेळाडू, आणि फातोर्ड्यावर मुंगीलाही शिरता येऊ नये अशी गर्दी! आम्हीही त्या गर्दीत होतो. डिसेंबर 2015 मध्ये अंतिम सामन्यात गोवा 2–1 ने पुढे होता, आणि शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईच्या संघाने दोन गोल करून तो 3–2 ने जिंकला, तेव्हा आम्ही भर गर्दीत डोळे पुसले.

जुनी आय-लीग तेव्हा चालूच होती. पण नवी लीग हीच देशातील पहिल्या दर्जाची मानावी आणि जुनीला खाली ढकलावे, असा बेत पुढे आला. 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो या तिन्ही गोमंतकीय संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. खाली जाणाऱ्या स्पर्धेत पैसा का घालावा, असा त्यांचा हिशेब होता. आणि हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. संघ मोडले नाहीत. गोव्याच्या स्थानिक स्पर्धांत ते खेळत राहिले. डेंपो तर पुढे 2024–25 च्या हंगामात आय-लीगमध्ये परतलाही. परंतु 2016 साली ही बातमी वाचली, तेव्हा आमच्या अंगाची लाही झाली. आम्ही वर्तमानपत्र टेबलावर आपटले, आणि जेवताना वडिलांसमोर एक लांबलचक भाषण केले. प्रेक्षकांना कोणी विचारले काय? इतक्या वर्षांच्या प्रेमाची हीच किंमत काय? इत्यादी इत्यादी.

वडिलांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "राग मागीर कर. पयलीं सांग, तूं निमाणो केन्ना गेल्लो?"

शेवटचा केव्हा गेला होतास? आम्ही हिशेब करू लागलो. नव्या लीगच्या झगमगाटात दोन हंगाम गेले होते. त्याआधीचे एक वर्ष शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात गेले. जुन्या संघाचा सामना आम्ही पायऱ्यांवर बसून पाहिला, त्याला तीन वर्षे होऊन गेली होती. वडील मात्र जात होते. एकटे, दोन बस बदलून. त्यांनीच सांगितले की शेवटी शेवटी पायऱ्यांवर शंभर माणसे मोजताना पंचाईत होई. सासष्टीचे ते गृहस्थ येत असत. त्यामुळे शंभरांतील दोन जागा तरी नक्की भरलेल्या असत.

ज्या घराची खिडकी आम्ही तीन वर्षांत उघडून पाहिली नव्हती, ते घर बंद झाले म्हणून आम्ही आरडाओरडा करत होतो. त्या रात्री भाषण तेथेच संपले.

प्रेक्षक नव्हते म्हणून मालकांचे सारेच बरोबर, असे मात्र म्हणता येत नाही. धंदेवाईक खेळात संघ ही एखाद्याच्या मालकीची वस्तू असते, आणि वस्तू हलवता येते. पुण्याच्या वाचकांस हे सांगायला नको. एफ.सी. पुणे सिटी हा संघ 2014 पासून बालेवाडीत खेळला. 2019 साली तो बंद झाला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. हैदराबादने 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्यावर केरळला पेनल्टींत हरवून अजिंक्यपद मिळवले. आणि 2025 साली तोही संघ हैदराबाद सोडून दिल्लीस गेला. पुण्यातील ज्या मुलाने पाच वर्षे आपल्या संघाचा झेंडा हलवला, त्याने तो आता कोणाच्या दिशेने हलवावा? खेळाडू गेला तर संघ उरतो. संघच गेला तर काय उरते?

या प्रश्नाचे एक उत्तर लंडन शहराच्या दक्षिणेकडील विम्बल्डन या वस्तीने देऊन ठेवले आहे. विम्बल्डन म्हटले की आपणांस टेनिस आठवते. पण तेथे 1889 साली स्थापन झालेला एक फुटबॉल संघही होता. हा संघ गरीब, पण चिवट. 1988 साली त्याने बलाढ्य लिव्हरपूलला 1–0 असे हरवून इंग्लंडचा एफ.ए. चषक जिंकला, तेव्हा सारे जग चकित झाले. पुढे त्याला स्वतःचे मैदान उरले नाही. मालकांनी सुमारे 90 किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरी संघ हलवण्याचे ठरवले. प्रेक्षकांनी निषेध केला, मोर्चे काढले. पण 28 मे 2002 रोजी तिघांच्या एका समितीने दोन विरुद्ध एक अशा मताने परवानगी दिली. नव्या विम्बल्डनची कल्पना फुटबॉलच्या व्यापक हिताची नाही, असेही या समितीने नोंदवून ठेवले होते.

येथवरची गोष्ट आपल्याच गोष्टीसारखी आहे. पुढे ती बदलते. काही आठवड्यांच्या आत त्या प्रेक्षकांनी ए.एफ.सी. विम्बल्डन या नावाने स्वतःचा संघ काढला. खेळाडू नव्हते, म्हणून 29 जूनला गावच्या माळावर निवड-चाचणी ठेवली. सुमारे 230 तरुण आले. पहिला मैत्रीपूर्ण सामना 4–0 असा हरले. पण तो पाहायला साडेचार हजारांहून अधिक माणसे आली होती. तळच्या एका प्रादेशिक स्पर्धेत, एका बाजूला झुडपे आणि दुसऱ्या बाजूला दोरी अशा मैदानांवर खेळायला सुरुवात झाली. तिकिटे फाडणारे, चहा देणारे, कार्यक्रमपत्रिका विकणारे सारे प्रेक्षकच. संघ कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, सभासदांच्या विश्वस्त संस्थेचा होता : एक सभासद, एक मत. नऊ हंगामांत पाच वेळा वरच्या श्रेणीत जाऊन 2011 साली हा संघ इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये पोहोचला. नोव्हेंबर 2020 मध्ये तो आपल्या जुन्या मैदानाच्या जवळच, प्लाऊ लेन येथे बांधलेल्या स्वतःच्या घरी परतला. साथीचे दिवस असल्याने त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. ज्यांनी अठरा वर्षे खपून हे घर बांधले, त्यांनी त्याचा गृहप्रवेश दूरचित्रवाणीवर पाहिला.

ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस आनंद झाला, आणि लगोलग लाज वाटली. त्या लोकांचे मालकांशी भांडण आमच्याहून मोठे होते. पण त्यांनी नुसते भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माळावर हजर झाले. आम्ही वर्तमानपत्र आपटले आणि हात धुतले.

हजर! वीस वर्षांच्या विद्यार्थिदशेत आम्ही हा शब्द उच्चारला, आणि आता रोज सकाळी तो ऐकतो. पण त्यात काही अर्थ भरला आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. निष्ठा हा शब्द मोठा आहे. त्याची व्याख्या करू जाता पंडितही थकतील. आम्हांस सापडलेला त्याचा अर्थ अगदी लहान आहे : हजेरी. खेळाडूने जितके दिवस करार आहे, तितके दिवस मैदानावर अंतःकरणासह हजर असावे; करार संपल्यावर तो मोकळा आहे. संघाने आपल्या गावात, आपल्या माणसांसाठी हजर असावे. आणि जाणे भागच असेल, तर ज्यांनी त्यास मोठे केले त्यांच्या डोळ्यांत पाहून तसे सांगावे. आणि प्रेक्षकाने? त्याच्याशी कोणी करार केलेला नसतो. त्यास पगार नाही, बंधन नाही, मुदत नाही. म्हणूनच तिघांत त्याची निष्ठा सर्वांत शुद्ध असू शकते. आणि म्हणूनच ती सर्वांत सहज निसटते. ती निसटली तर कोठल्याही न्यायालयात खटला होत नाही. एका पायरीवरची एक जागा तेवढी रिकामी होते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही वडिलांना म्हटले, "बाबा, आज जेवण लवकर." म्हापशाच्या धुळेर मैदानावर आमच्या जुन्या संघाचा गोव्याच्या साखळी स्पर्धेतील सामना होता. वडिलांना आता पायऱ्या चढताना आमचा खांदा लागतो. दाराशी रांग नव्हती, दिवे नव्हते. माणसे असतील दीडशे. संघातील एकही नाव आम्हांस ठाऊक नव्हते. विसाव्या मिनिटाला डाव्या बाजूने एक कोवळा पोर चेंडू घेऊन सुटला, तेव्हा वडील नकळत उभे राहिले, आणि आम्हीही.

मध्यंतरात वडिलांनी चण्याच्या तीन पुड्या आणायला सांगितल्या. आम्ही दोघेच होतो. पण काही न विचारता तीन आणल्या. सासष्टीच्या त्या गृहस्थांची खबर वडिलांना 2016 नंतर नाही. आडनाव ठाऊक नाही. शोधायचे तरी कोठे? दोन संघ त्या एका स्पर्धेतून गेले, आणि पंधरा वर्षांचा शेजार तुटला. त्याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत झाली नाही. वडिलांनी इकडेतिकडे पाहिले, आणि तिसरी पुडी शेजारी बसलेल्या एका अनोळखी तरुणाच्या हाती दिली. तो गोंधळला, मग हसून म्हणाला, "काका, आपण कोणाकडून?" वडिलांनी संघाचे नाव सांगितले. तो दुसऱ्याकडून होता. वडिलांचा चेहरा इतका खुललेला आम्ही पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता.

राहता राहिली ती जर्सी. तिच्या धन्याने आईच्या धाकाने ती तीनदा धुतली; रेघ फिकी झाली, गेली नाही. परवा तो आम्हांस विचारत होता, "सर, आता ही घालू की नको?" आमचा निवाडा असा : अवश्य घाल. त्या खेळाडूने तुझ्यासाठी जे सामने खेळले, ते रेघेने पुसत नाहीत. आणि तू रागावलास तेही खोटे नव्हते. दोन्ही पाठीवर असू देत. फक्त घालून घरी बसू नकोस. पायऱ्यांवर सध्या जागा पुष्कळ आहे.